शाहू महाराज नक्की कोणते? एकाच नावाच्या राजांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर कोल्हापूरचं. माहेरी "शाहू महाराज" म्हणलं की एक राजा डोळ्यासमोर येतो आणि सासरी दुसराच. दोघंही खरे, दोघंही मोठे, पण दोघांमध्ये जवळजवळ दोनशे वर्षांचं अंतर आहे. दरवर्षी जून महिना आला की लोकांचे मेसेज सुरू होतात, त्यात शाळेतली मुलं असतात, स्पर्धा परीक्षावाले असतात, बॅनर करणारे असतात, आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळी उत्तरं नीट लिहून ठेवतेय.

१. शाहू महाराज एकच होते ना? मग जन्मसाल कुठे १६८२ आणि कुठे १८७४ कसं काय?

दोन वेगळी माणसं आहेत. १६८२ वाले म्हणजे साताऱ्याचे शाहू, छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाईंचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे नातू. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १७४९ च्या डिसेंबरात ते वारले, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त राज्य. १८७४ वाले म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू, ज्यांनी १८९४ मध्ये कारभार हातात घेतला आणि ६ मे १९२२ ला मुंबईत ज्यांचं निधन झालं. "शाहू-फुले-आंबेडकर" म्हणतो तेव्हा कायम हे दुसरे. सातारकर शाहूंचं नाव त्या तिघांत कधीच नसतं.

२. पटकन ओळखायची काही ट्रिक आहे का?

आहे. मजकुरात पेशवा नेमला असं आलं की सातारकर. बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये, बाजीरावांना १७२० मध्ये आणि नानासाहेबांना १७४० मध्ये, एकाच घरातल्या तीन पिढ्यांना पेशवाईची वस्त्रं दिली ती याच शाहूंनी. मजकुरात बोर्डिंग, आरक्षण, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरी धरण, कुस्ती, डॉ. आंबेडकर असं काही आलं की कोल्हापूरचे.

दुसरी खूण चित्राची. कॅमेऱ्याने काढलेला फोटो असेल तर ते राजर्षीच असणार, कारण सातारकर शाहू वारले तेव्हा फोटोग्राफी निघायला अजून नव्वद वर्षं होती. त्यांची फक्त चित्रं आहेत. गेल्या काही वर्षांत २६ जूनच्या, म्हणजे राजर्षींच्या जयंतीच्या, बॅनरवर सातारकरांचं चित्र आणि खाली "आरक्षणाचे जनक" असं मी स्वतः दोनदा बघितलंय, एकदा तर एका शाळेच्या गेटवर, आणि खरंच वाईट वाटलं, कारण त्यात दोन्ही राजांवर अन्याय होतो. एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं आणि दुसऱ्याचं स्वतःचं काम कुणाला कळतच नाही.

३. राजर्षी शाहू हे साताऱ्याच्या शाहूंचे वंशज का?

नाही, आणि हा मुद्दा जरा सावकाश समजून घ्या कारण गोंधळाचं मूळ इथेच आहे.

शिवाजी महाराजांना दोन मुलगे, संभाजी आणि राजाराम. शाहू हे संभाजींचे. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा लहानगे शाहू आणि येसूबाई मोगलांच्या हाती लागले आणि पुढची सतरा-अठरा वर्षं त्यांना औरंगजेबाच्या छावणीत काढावी लागली. तोपर्यंत इकडे राजारामांनी आणि त्यांच्यानंतर ताराबाईंनी राज्य लढवत ठेवलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू सुटून आले आणि गादी कुणाची यावरून ताराबाईंशी सरळ लढाई झाली, त्याच साली खेडला. शाहू जिंकले आणि साताऱ्याला बसले, ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने वेगळी गादी धरली, तीच पुढे कोल्हापूरची. म्हणजे कोल्हापूरची गादी जन्माला आली तीच शाहूंच्या विरोधात आणि ती राजारामांच्या शाखेची.

त्यात राजर्षी जन्माने भोसलेसुद्धा नव्हते. ते कागलच्या घाटग्यांचे, वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई, आणि पाळण्यातलं नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि तेव्हा यशवंतरावांचे शाहू झाले. दत्तकाने ते शिवाजी महाराजांच्या घराण्याचे वारस झाले, पण सातारकर शाहूंच्या ओळीतले नाहीत.

४. मग कोल्हापूरच्या राजाला विरोधी गादीच्या राजाचं नाव कसं चाललं?

१८८४ पर्यंत ते भांडण दीडशे वर्षं जुनं झालं होतं, कारण १७३१ मध्येच दोन्ही गाद्यांचा तह झाला होता (प्रश्न ९ बघा). साताऱ्याचं राज्य तर १८४८ मध्ये डलहौसीने खालसाच करून टाकलं. आणि शेवटी घराणं एकच, दोन्हीकडे नावं त्याच पाच-सहा नावांतून निवडायची, शहाजी, शिवाजी, संभाजी, राजाराम, शाहू.

५. पण एवढी नावं परत परत का येतात?

एक कारण आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे, नातवाला आजोबांचं नाव. कोल्हापुरात बघा, १८१३ मध्ये वारलेले शिवाजी, त्यांची मुलं संभाजी आणि शहाजी, आणि शहाजींचा मुलगा परत शिवाजी. चार माणसांत तीन नावं आणि तिन्ही शिवाजी महाराजांच्या काळातली.

दुसरं कारण दत्तक. राजघराण्यात दत्तक गेलं की मुलाचं मूळ नाव जायचं आणि गादीला शोभेल असं नाव मिळायचं. यशवंतराव घाटग्यांचं वर सांगितलंच. त्यांच्या आधीचे शिवाजी मूळचे नारायणराव. १९४७ मध्ये देवासहून दत्तक आलेले विक्रमसिंह पवार शहाजी झाले (ते राजर्षींच्या मुलीचे चिरंजीव, म्हणजे नातूच). आणि १९६२ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून आलेले दिलीपसिंह आजचे शाहू छत्रपती. १८६६ पासून १८८४ पर्यंतच्या अठरा वर्षांत कोल्हापूरच्या गादीवर ओळीने तीन दत्तक राजे आले, राजाराम, शिवाजी आणि शाहू, आणि तिघांची नावं जुनीच. इतिहासाचं पुस्तक वाचताना दम लागतो तो यामुळेच.

६. साताऱ्याच्या शाहूंचं खरं नाव शिवाजी होतं म्हणतात, खरं का?

हो, आजोबांचंच नाव ठेवलं होतं. "शाहू" हे नाव मोगलांच्या छावणीत पडलं, औरंगजेबानेच त्यांना तसं म्हणायला सुरुवात केली अशी गोष्ट सांगतात. म्हणजे ज्या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो ते कैदेतल्या बालपणात चिकटलेलं नाव आहे, मला तर हे वाचून गलबलून येतं. आई येसूबाई तर शाहू गादीवर बसल्यावरही मोगलांकडे ओलीस होत्या, त्या सुटल्या १७१९ मध्ये, पकडल्यानंतर तीस वर्षांनी.

या मूळ नावामुळे काही याद्यांमध्ये त्यांना "दुसरे शिवाजी" म्हणलेलं सापडतं, ते वाचताना प्रश्न ११ पण बघा.

७. छत्रपती आणि राजर्षी यात फरक काय? दोघांनाही छत्रपती म्हणायचं का?

छत्रपती ही गादीची पदवी, ती दोघांनाही लागते, म्हणून नुसतं "छत्रपती शाहू महाराज" लिहिलं तर कोण ते कळत नाही. राजर्षी मात्र फक्त कोल्हापूरच्यांना, आणि ती पदवी गादीवरून आली नाही, १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय समाजाच्या अधिवेशनात लोकांनी दिली. उत्तर प्रदेशात त्यांना एवढं मानतात ते उगाच नाही, कानपूरच्या विद्यापीठाला छत्रपती शाहूजी महाराजांचं नाव आहे ते यांचंच. साताऱ्यात त्यांच्या शाहूंना "थोरले शाहू महाराज" म्हणतात, हा शब्द सगळ्यांनी वापरला तर निम्मं कन्फ्युजन तिथेच संपेल असं माझं मत आहे.

८. "शाहू दुसरे" असं वाचलं, ते राजर्षी का? आणि सध्याचे खासदार शाहू महाराज कितवे?

राजर्षी नाहीत. "शाहू दुसरे" हे दोन वेगळ्या माणसांना लागतं, कोणती गादी मोजताय त्यावर अवलंबून. साताऱ्याच्या हिशोबाने शाहू दुसरे म्हणजे १७७७ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेले आणि १८०८ मध्ये वारलेले. त्यांच्या काळात सगळी सत्ता पेशव्यांच्या हातात होती, म्हणून नाव फारसं ऐकू येत नाही, पण इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलेले प्रतापसिंह महाराज हे त्यांचे चिरंजीव.

कोल्हापूरच्या हिशोबाने राजर्षी पहिले शाहू, आणि दुसरे म्हणजे आजचे शाहू छत्रपती, जन्म १९४८, जे २०२४ मध्ये कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून आले. म्हणजे "शाहू दुसरे" एवढंच लिहिलं तर पावणेदोनशे वर्षांच्या अंतरावरची दोन माणसं समोर येतात. म्हणून आकडा लिहिणार असाल तर गादीचं नाव पाहिजेच.

९. वारणेचा तह संभाजी आणि शाहू यांच्यात झाला असं पुस्तकात आहे. शाहूंनी वडिलांशीच तह केला?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो, आणि विचारणाऱ्याची काहीच चूक नसते. शाहूंचे वडील छत्रपती संभाजी महाराज यांना औरंगजेबाने १६८९ मध्ये ठार मारलं. वारणेचा तह १७३१ चा. तहातले संभाजी म्हणजे कोल्हापूरचे संभाजी, राजाराम महाराज आणि राजसबाईंचे चिरंजीव, म्हणजे शाहूंचे चुलतभाऊ. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांच्या मुलाला बाजूला करून हे गादीवर आले आणि १७६० पर्यंत राहिले. वारणा नदी ही हद्द ठरली, दक्षिणेकडचं कोल्हापूरकडे. तहातला "संभाजी" वाचला की लगेच साल बघा, १६८९ च्या पुढचं असेल तर ते शंभूराजे असूच शकत नाहीत.

१०. संभाजी नावाचे एकूण किती?

शंभूराजे (१६५७ ते १६८९) सगळ्यांना माहीत, त्यांच्याच नावाने छत्रपती संभाजीनगर. त्यांच्या आधी त्यांचे सख्खे काका, शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी, जे कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात पुतण्याच्या जन्माआधी काही वर्षं मारले गेले. मग प्रश्न ९ मधले कोल्हापूरचे संभाजी. मग कोल्हापूरचेच आणखी एक, आबासाहेब, १८१३ मध्ये गादीवर आले आणि १८२१ मध्ये त्यांचा खून झाला. आणि आजचे माजी राज्यसभा खासदार संभाजीराजे.

११. राजर्षींचे दत्तक वडील "चौथे शिवाजी" कसे? मधले दुसरे आणि तिसरे कोण?

कोल्हापूरच्या गादीवरची मोजणी अशी. पहिले शिवाजी म्हणजे ताराबाईंचे चिरंजीव, जन्म १६९६, चार वर्षांचे असताना १७०० मध्ये गादीवर बसवले, १७१४ मध्ये पदच्युत झाले आणि १७२६ मध्ये पन्हाळ्यावर कैदेतच वारले. दुसरे, १७६२ मध्ये दत्तक आलेले, १८१३ पर्यंत. तिसरे म्हणजे बाबासाहेब, १८३८ ते १८६६. चौथे म्हणजे नारायणरावांचे शिवाजी झालेले, १८७१ ते १८८३. पाचवे अगदी बाळ, १९४१ चा जन्म आणि १९४६ मध्ये निधन.

आता गंमत अशी की यात रायगडावरचे शिवाजी महाराज मोजलेलेच नाहीत, कारण कोल्हापूरची गादीच नंतरची. आख्ख्या मराठा राज्याच्या यादीत ताराबाईंचे चिरंजीव "दुसरे शिवाजी" असतात आणि कोल्हापूरच्या यादीत "पहिले". माणूस एकच, दोन्ही आकडे बरोबर.

चौथ्यांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण त्यांची आठवण कुणी काढत नाही. हा तरुण राजा वेडा ठरवला गेला, त्याच्या नावाने कारभार दुसरेच करत होते, आणि त्याला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल महाराष्ट्रभर संताप होता. त्याच प्रकरणात कारभारी माधवराव बर्वे यांच्याबद्दल छापलेल्या मजकुरामुळे टिळक आणि आगरकरांना १८८२ मध्ये शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. टिळकांचा पहिला तुरुंगवास तो हा. राजा १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला गोऱ्या शिपायाच्या पहाऱ्यात वारला, वय फक्त वीसच्या आसपास. तीन महिन्यांनी त्याच जागी नऊ वर्षांचे यशवंतराव आले, पुढचे राजर्षी.

आणि एक शिवाजी असे की जे गादीवर बसलेच नाहीत, राजर्षींचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी. १९१८ मध्ये शिकारीत अपघाती गेले. कोल्हापुरातलं प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग त्यांच्या नावाचं, रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या नाही.

१२. इटलीत फ्लॉरेन्सला राजाराम महाराजांची छत्री आहे म्हणे. जिंजीला गेलेले राजाराम इटलीत कसे पोचले?

ते नाही पोचले, ते १७०० मध्ये सिंहगडावर वारले. फ्लॉरेन्सचे राजाराम कोल्हापूरचे, १८६६ मध्ये गादीवर आलेले. हा विशीतला मुलगा इंग्लंड बघून परत येत होता, वाटेत आजारी पडला आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारला. तिथेच आर्नो नदीच्या संगमावर आपल्या पद्धतीने अग्नी दिला. त्या जागी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलालाही इटालियन लोक "भारतीयाचा पूल" म्हणतात. तिकडे राहणाऱ्या मराठी लोकांनी एकदा तरी जाऊन फूल वाहावं असं मला मनापासून वाटतं.

१३. मग राजाराम कॉलेज कोणत्या राजारामांचं?

फ्लॉरेन्सवाल्यांचं. कोल्हापुरात बरेच लोक राजर्षींचे चिरंजीव राजाराम महाराज समजतात, पण त्यांचा जन्म १८९७ चा आणि कॉलेज १८८० चं, त्यामुळे तो हिशोब जुळत नाही. साताऱ्याला आणखी एक आहेत, रामराजा, थोरल्या शाहूंनंतर १७७७ पर्यंत गादीवर. "राजाराम दुसरे" लिहिताना प्रश्न ८ मधलीच काळजी घ्या.

१४. शाहू आणि शहाजी एकच नाव का?

नाही. शहाजी म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील, १६६४ मध्ये होदिगेरेला वारलेले, आणि पुढे त्यांच्या नावाचे बरेच. तंजावरला व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी, ज्यांनी मराठीत आणि तेलुगूत नाटकं लिहिली. कोल्हापूरला बुवासाहेब, आणि देवासहून आलेले (प्रश्न ५). साताऱ्याला आप्पासाहेब, प्रतापसिंहांचे भाऊ, त्यांच्या मृत्यूनंतरच सातारा खालसा झालं.

१५. त्या काळच्या लोकांचा गोंधळ होत नव्हता का?

कमी व्हायचा, कारण ते असं पूर्ण नाव घेतच नसत. आबासाहेब, बुवासाहेब, बाबासाहेब, आप्पासाहेब, थोरले, धाकटे, असं चालायचं. गोंधळ आपला होतो कारण आपण छापील नाव घेतो आणि हाकेचं नाव सोडून देतो. तरी आबासाहेब पण एकापेक्षा जास्त आहेत बरं का, राजर्षींचे वडील घाटगे आणि १८२१ ला मारले गेलेले राजे, दोघंही आबासाहेबच.

१६. बायकांची नावं पण रिपीट होतात का?

होतात. जिजाबाई म्हणजे राजमाता, १६७४ मध्ये राज्याभिषेकानंतर पाचाडला गेल्या. पण प्रश्न ९ मधल्या संभाजींच्या राणीचं नावही जिजाबाई, आणि नवऱ्यामागे कोल्हापूरचं राज्य सांभाळणारी ही बाई फार खंबीर होती, दुर्दैवाने नावामुळे राजमातेच्या सावलीत हरवते. ताराबाई पण दोन, मोगलांशी लढलेल्या महाराणी आणि दोनशे वर्षांनी राजर्षींच्या सूनबाई. १८८२ मध्ये स्त्री-पुरुष तुलना लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे यांचा राजघराण्याशी काही संबंध नाही.

१७. जागांच्या नावांवरून तरी ओळखता येतं का?

फसाल. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही, आणि साताऱ्याची थोरल्या शाहूंच्या नावाची तर कोल्हापूरची राजर्षींनी वसवलेली व्यापारी पेठ. स्टेडियमचंही तसंच. कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन राजर्षींच्या नावाचं, लातूरचं शाहू कॉलेज पण.

सगळ्यात अवघड माणगाव. थोरल्या शाहूंचा जन्म गांगवलीचा, ते रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळ. आणि मार्च १९२० मध्ये राजर्षी आणि डॉ. आंबेडकर ज्या परिषदेला एकत्र होते ते माणगाव कोल्हापूर जिल्ह्यातलं. परीक्षेत दोन्ही विचारतात.

१८. राजर्षींची जयंती २६ जून की २६ जुलै?

२६ जून, सरकारनेही तीच ठरवलीय आणि तो दिवस राज्यात सामाजिक न्याय दिन असतो. जुन्या पुस्तकांत जुलै सापडतो. शिवाय पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवायचा त्यांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा, त्यामुळे जुलैची तारीखही डोक्यात बसलेली असते.

१९. पेशव्यांमध्ये पण असंच आहे का?

तितकं नाही पण आहे. बाजीराव दोन, पहिले १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले आणि दुसरे १८५१ मध्ये ब्रह्मावर्ताला. माधवराव दोन, थोरले आणि सवाई. नानासाहेब दोन, पानिपतच्या वेळचे आणि १८५७ चे, आणि त्यांच्यात नाना फडणवीस मिसळू नका, ते पेशवे नव्हतेच.

२०. बॅनरवर किंवा पोस्टमध्ये नक्की काय लिहू?

नाव, गादी आणि साल. "राजर्षी छत्रपती शाहू महाराज, कोल्हापूर (१८७४–१९२२)" किंवा "थोरले शाहू महाराज, सातारा (१६८२–१७४९)". जागा कमी असेल तर साल काढा पण गाव ठेवा. आणि २६ जूनला फोटो लावताना तो फोटोच आहे ना, की चित्र, एवढं प्रिंटला टाकायच्या आधी बघा. थोरल्या शाहूंचं चित्र लावायचं असेल तर १२ जानेवारीला लावा, त्यांच्या राज्याभिषेकाच्या दिवशी, किंवा १५ डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, संगम माहुलीच्या समाधीवर जा.